सीएसएमटी मराठीतून दाखवायचंय : कामाच्या नोंदी

१२ एप्रिल, शनिवार

आजपासून नोंदी ठेवतेय, नाहीतर पुढच्या महिन्यात कशाचा काय निर्णय का घेतला तेच आठवत नाही.

काम असं आहे की सीएसएमटीची, म्हणजे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रेल्वे स्टेशनची इमारत पाहायला येणाऱ्यांसाठी मराठीत एक तासाची फेरी तयार करायची. एक घडी घातलेला कागद आणि सोबत फोनवर ऐकायचं रेकॉर्डिंग, बस. इंग्रजीत भरपूर काही मिळतं, मराठीत जे मिळतं ते दोन ओळींचं, "गॉथिक शैलीतील भव्य वास्तू" आणि पुढे साल. त्याने बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

हे डोक्यात आलं दिवाळीत. लातूरहून मामेभाऊ, वहिनी आणि मुलं आली होती, सकाळी गाडीने सीएसएमटीलाच उतरली, चार दिवस मुंबई फिरली, गेटवे झालं, राणीबाग झाली आणि परत जायच्या दिवशी धाकटा विचारतो की ताई ते फोटोतलं मोठं स्टेशन कुठं आहे. अरे तुम्ही तिथेच उतरलात! पण त्याचं बरोबर होतं. लांबच्या गाडीने आलं की मेन लाइनच्या हॉलमधून माणूस सरळ टॅक्सी स्टँडकडे बाहेर पडतो, तो भाग १९२९ साली वाढवलेला, साधा, आणि जी इमारत बघायला जगातून लोक येतात ती त्याच्या पाठीशीच राहते. स्टेशनात उतरणाऱ्यालाच स्टेशन दिसत नाही. म्हणून फेरीत पहिलं काम एकच, माणसाला योग्य जागी उभं करायचं. माहिती त्यानंतर.

१६ एप्रिल, बुधवार

मुद्दाम आज लिहायला बसले, कारण आजच्याच तारखेला १८५३ साली पहिली पॅसेंजर गाडी सुटली. आणि पहिली दुरुस्तीही इथेच करायची आहे कारण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांना वाटतं की ती गाडी या इमारतीतून सुटली. नाही. तेव्हा ही इमारत नव्हतीच. होतं ते बोरीबंदर. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि पुढे साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं लावून गाडी ठाण्याला निघाली, ३४ किलोमीटर. आत्ताच्या इमारतीचं काम सुरू झालं ते त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८७८ ला.

बोरीबंदर हा शब्द मला कागदावर मोठ्या अक्षरात हवाय. आमच्याकडे आजी शेवटपर्यंत बोरीबंदरच म्हणायची, आई व्हीटी म्हणते, मी कॉलेजात असताना सीएसटी आणि आता मुलं सीएसएमटी म्हणतात. एकाच घरात चार नावं. १८८७ ला राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून व्हिक्टोरिया टर्मिनस, १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ ला त्यात महाराज. ही एवढी गोष्ट सांगितली की ऐकणारा लगेच स्वतःच्या घरातलं नाव सांगायला लागतो, असं आत्तापर्यंत प्रत्येक वेळी झालंय.

शिवाय याच भागात पूर्वी मुंबादेवीचं देऊळ होतं, ते नंतर भुलेश्वरला गेलं. शहराला जिचं नाव मिळालं ती देवी इथली, हे फेरीत एका वाक्यात तरी येऊ दे.

२० एप्रिल, रविवार

पहिली प्रत्यक्ष पाहणी. सकाळी नऊला पोचले आणि चूक कळली, इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी ऊन मागून येतं, सगळं कोरीवकाम काळपट दिसतं आणि वर बघितलं की डोळे दिपतात. मग सगळं सोडून घरी गेले, परत साडेचारला आले. फरक काय सांगू. मालाडचा पिवळसर दगड अक्षरशः पेटल्यासारखा उजळतो, खिडक्यांच्या कमानींची सावली खोल पडते आणि कोरलेली पानं सुटी सुटी दिसायला लागतात. ठरलं, फेरी संध्याकाळी साडेचारच्या पुढेच.

उभं राहायची जागा: समोर महापालिकेच्या इमारतीपाशी, रस्त्याच्या पलीकडे. बरेच लोक गेटजवळ येऊन मान वर करून फोटो काढतात, तिथून फक्त एक तुकडा दिसतो. पलीकडून सगळा आकार कळतो. इमारत इंग्रजी सी अक्षरासारखी आहे, मध्ये घुमट, दोन्ही बाजूंना पसरलेले हात आणि हातांच्या मधे बाग. आपल्याकडच्या लोकांना सी अक्षर सांगायची गरज नाही, चौसोपी वाड्याची एक बाजू काढून टाकली की जसा चौक रस्त्याकडे उघडा राहील तसं म्हटलं की पटकन कळतं. हे मी भावाला फोनवर सांगून बघितलं, त्याने कागदावर बरोबर आकार काढून पाठवला.

पलीकडून बघायचा दुसरा फायदा. पाठीशी जी महापालिकेची इमारत आहे ना, तीसुद्धा त्याच माणसाची, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची, १८९३ ची. चर्चगेटसमोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय पण त्याचंच. म्हणजे या एका जागेवर उभं राहून पुढे-मागे वळलं की एकाच वास्तुकाराची दोन कामं दिसतात, आणि दुसऱ्या इमारतीत तो घुमट कसा वेगळा करतो ते समोरासमोर ताडून बघता येतं. दुसऱ्या कुठल्या शहरात असं किती ठिकाणी मिळत असेल!

घुमटावरची बाई म्हणजे राणी व्हिक्टोरिया नव्हे. हे ठळक टायपात टाकायचं. ती प्रगती. उजव्या हातात मशाल, डाव्या हातात आऱ्यांचं चाक. थॉमस अर्प नावाच्या शिल्पकाराचं काम, गेटच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ पण त्याचेच, सिंह ब्रिटनचा आणि वाघ आपला. राणीचा पुतळा होता तो खाली, घड्याळाखालच्या कोनाड्यात, आणि तो कोनाडा आज रिकामा आहे. रिकामा कोनाडा दाखवायचाच. लोक त्याच्याकडे बघून गप्प होतात.

२६ एप्रिल, शनिवार

आज पूर्ण दिवस शब्दांवर गेला. मला वाटतं या प्रकल्पातलं खरं काम हेच आहे.

इंग्रजी पुस्तकातले शब्द जसेच्या तसे घेतले तर ऐकणारा तिसऱ्या मिनिटाला बाहेर जातो. आणि शासकीय मराठी केली तर त्याच्याही आधी जातो. पण आपल्या देवळांत, वाड्यांत हे सगळं आधीपासून आहे की. भिंतीत पुतळ्यासाठी खोबण म्हणजे कोनाडा. छज्जाखाली आधाराला जे कोरलेले तुकडे बाहेर आलेत त्यांना वाड्यात हस्त म्हणतात. रंगीत काचांची तावदानं, खांबाचं डोकं, कमान, मनोरा, कळस, कठडा, जाळी. एकही शब्द नवा बनवावा लागला नाही.

अडलं ते भिंतीतून बाहेर झेपावलेल्या प्राण्यांपाशी, गारगॉईल्स. कोकणात देवळांच्या कामाला जाणारे एक पाथरवट काका ओळखीचे आहेत, त्यांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन, "अहो ताई, हे मकरमुख. छपरावरचं पाणी भिंतीवरनं ओघळू नये म्हणून तोंडातनं लांब फेकायचं. आमच्याकडं मगर नाहीतर गायीचं तोंड करतात, यांनी कुत्रं केलंय एवढंच." काम तेच, कारण तेच, पावसाचं पाणी. मुंबईच्या पावसात दगडी भिंत वाचवायची तर इंग्लंडचा असो नाहीतर कोकणातला, पाथरवट शेवटी तिथेच येतो. हे वाक्य मी रेकॉर्डिंगमध्ये काकांच्या शब्दांत ठेवणार आहे, त्यांनी हो म्हटलंय.

त्यांनीच अजून एक विचारलं, दगड कुठला? कोरीवकामाचा पोरबंदरचा, म्हटल्यावर म्हणाले मग बरोबर, तो मऊ, टाकी (छिन्नी) बसते त्याला, आपल्या काळ्या दगडात एवढं बारीक पान निघत नाही, निघालं तर महिना जातो. म्हणजे भिंतींना मालाडकुर्ल्याकडचा पिवळसर दगड, मधे मधे निळसर काळा बेसॉल्ट आणि नक्षीला पोरबंदर, हे कुणी रंग आवडला म्हणून नाही निवडलेलं, ज्याच्या अंगात जे करायची ताकद तिथे तो दगड लावलाय.

२ मे, शुक्रवार

तिकीट हॉल. उत्तरेच्या बाजूचा, म्हणजे रस्त्यावरून बघताना डावीकडचा, लोकलचं तिकीट मिळतं तो. याला स्टार चेंबर म्हणतात, छतावर तारे आहेत म्हणून. मुळात छत गडद निळं, त्यावर सोनेरी तारे आणि फासळ्यांवर लाल नि सोनेरी रंग असं रंगवलेलं होतं, भिंतींना ब्रिटनमधून आणलेल्या मॉ कंपनीच्या चकचकीत टाइल्स, इटालियन संगमरवर आणि आपलाच पॉलिश केलेला निळसर दगड.

अकरा वाजता गेले, त्यातल्या त्यात कमी गर्दी. खांबाला टेकून उभी राहिले आणि वीस मिनिटं नुसती वर बघत होते. माझ्याकडे बघून एक कॉलेजचा मुलगा थांबला, त्यानेही वर पाहिलं, मग त्याचा मित्र. दोन मिनिटांनी पाच माणसं वर बघत होती आणि मग एकदम सगळे गाडीसाठी पळाले.

टोकदार कमानी, फासळ्यांचं छत, खांबांच्या डोक्यावर पानांची गर्दी, देवळाच्या सभामंडपात गेल्यावर जशी मान आपोआप वर जाते तशीच इथे जाते. आणि हे सगळं रांगेत उभं राहणाऱ्या माणसासाठी केलंय. कुणा साहेबाच्या दिवाणखान्यासाठी नाही, तिकीट काढणाऱ्यासाठी. मला या इमारतीतलं सगळ्यात आवडतं ते हेच.

लाकडावरचं कोरीवकाम, लोखंडी आणि पितळी कठडे, तिकीट खिडक्यांच्या जाळ्या ही कामं बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आपल्या जे. जे. च्या विद्यार्थ्यांची. जे. जे. इथून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. त्या मुलांची नावं कुठे नाहीत. पण त्यांनी आपल्या डोळ्यांसमोरचं कोरलं, मोर आहे, माकड आहे, घुबड आहे, इथली पानंफुलं आहेत. मोराचा पिसारा तर एका त्रिकोणी माथ्याखाली पूर्ण गोलात बसवलाय, रस्त्यावरून दुर्बीण लावली तर एकेक पीस मोजता येतं. कागदावर लिहिणार आहे की घरात दुर्बीण असेल तर आणा.

११ मे, रविवार

पहिली चाचणी, आत्याला घेऊन. चौदा थांबे आखले होते. आत्याचे गुडघे दुखतात हे माहीत असून मी चौदा थांबे आखले, हे आज वाईट वाटलं. सातव्यालाच ती म्हणाली, "अगं बाई, तू बोलतेस छान पण मला आता बसायला कुठं आहे ते सांग."

पण त्याआधी जे झालं ते लिहून ठेवते. स्टार चेंबरमध्ये नेलं आणि म्हटलं आत्या वर बघ. तिने वर पाहिलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तीस वर्षं गं. तीस वर्षं इथून पास काढला मी. डोंबिवलीहून यायचं, फोर्टात ऑफिस, आणि संध्याकाळी पाच-पस्तीसची गाठायची. हे तारे तेव्हापण होते?" म्हटलं होते. ती काही बोलली नाही, खांबावर हात फिरवला आणि दगड गार आहे म्हणाली.

मी आत्तापर्यंत ही फेरी बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी आखत होते. आजपासून रोज इथून जाणाऱ्यांसाठीही आहे.

बदल: चौदाचे सात थांबे. सात म्हणजे सातच. प्रत्येक थांब्यावर टेकायला जागा आहे का ते लिहायचं. साल फक्त तिथेच जिथे त्याने काही उलगडतं. रेल्वे कंपनीच्या संचालकांच्या चेहऱ्यांचे गोल मेडल मी एकेक करून सांगत होते, ते सगळं काढलं, फक्त नाना शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभॉय ठेवले, कारण ही रेल्वे उभी राहण्यामागे इथल्या माणसांचीही खटपट होती हे लोकांना माहीत असायला हवं. त्याशेजारी फेटे-पगड्या घातलेल्या वेगवेगळ्या समाजांच्या माणसांचे चेहरे पण आहेत, ते आत्याने स्वतःच शोधले आणि कुठली पगडी कुणाची यावर आमची पाच मिनिटं गेली. असंच व्हायला हवं.

१४ मे, बुधवार

आत, घुमटाखाली. ही इमारत अजूनही मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, कामकाज चालू असतं, त्यामुळे आत मनाला येईल तसं फिरता येत नाही, हेरिटेज बघायची जी सोय आहे तिथूनच जायचं. वेळ आणि तिकीट मी कागदावर छापणार नाही, बदलत असतं, "तिथे विचारून घ्या" एवढंच.

जिना. यासाठीच आले होते. दगडी पायऱ्या, रुंद, आणि खालून आधाराला काहीच नाही, ना खांब ना तुळई. प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत खोल रुतवलंय आणि दुसरं हवेत. पहिल्यांदा पाय ठेवताना पोटात थोडं हलतं. पण यात जादू नाही. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर कडेने टेकते, आणि ती फिरून खाली जाऊ पाहते तेव्हा भिंतीतलं टोक तिला धरून ठेवतं, वरून भिंतीचं वजन त्या टोकावर बसलेलं असतं. म्हणजे जिना भिंतीला आणि एकमेकीला धरून उभा आहे. मुलांना सांगायला सोपं: रांगेत बसलेल्या मुलांनी प्रत्येकाने भिंत धरली आणि पुढच्याच्या पाठीला खांदा टेकला तर जसं होईल तसं.

मधे उभं राहून वर पाहिलं की अष्टकोनी घुमटाचं पोट दिसतं, रंगीत काचांतून उजेड येतो. हा घुमट सेंट्रिंग न लावता बांधलाय. आमच्या बिल्डिंगचा स्लॅब टाकला तेव्हा बांबू-फळ्यांचं केवढं जंगल उभं केलं होतं ते आठवलं तर यातलं धाडस कळतं. फासळ्यांचे दगड सुताराच्या खाचेसारखे एकमेकांत अडकवत वर नेले. त्या काळात हे नवलच मानलं गेलं. तिथे मला बोलायचं होतं बरंच, पण गळा भरून आला, रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी घरी केलं.

१७ मे, शनिवार

छोटी नोंद, पण महत्त्वाची. पूर्ण झाल्याचं साल कुठे १८८७ तर कुठे १८८८ असं मिळतं. नाव दिलं १८८७ ला, इमारत पूर्ण झाली १८८८ ला, कामाला दहा वर्षं आणि सोळा लाखांच्या वर खर्च. कागदावर दोन्ही सालं, कारणासकट.

स्टीव्हन्सच्या जोडीला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य असिस्टंट इंजिनिअर होते आणि एम. एम. जनार्दन सुपरवायझर. ही नावं मराठी कागदावर स्टीव्हन्सइतक्याच मोठ्या अक्षरात येणार, यावर चर्चा नाही.

८ जून, रविवार

पाऊस. छत्री धरून पलीकडे उभी होते. ओल्या दगडात रंगांचा फरक कितीतरी जास्त कळतो, बेसॉल्ट काळा कुळकुळीत आणि मालाडचा दगड गुळासारखा. उन्हातलं कोरीवकाम आणि पावसातले रंग, दोन्ही वेगळं बघणं आहे. कागदात पावसाळ्यासाठी दोन ओळी वाढवल्या.

छपाईचं प्रूफ आलं आणि डोकं धरून बसले. फॉन्ट बदलल्यामुळे सगळी जोडाक्षरं फुटली, छत्रपतीतला त्र सुटा, राष्ट्रातला ष्ट्र तीन तुकड्यांत, आणि "ऱ्या" च्या जागी नुसते चौकोन. प्रेसवाल्यांचं म्हणणं वाचता तर येतंय ना. नाही, चालणार नाही. महाराजांच्या नावाचं स्टेशन आणि कागदावर महाराजांच्याच नावाचा त्र तुटलेला, असा कागद मी कुणाच्या हातात देणार नाही. युनिकोड फाइल आणि फॉन्ट दोन्ही परत पाठवले, पीडीएफ माझ्याकडून करून घेतील.

१५ जून, रविवार

दुसरी चाचणी, अकरा जण. आत्या, तिच्या दोन मैत्रिणी, शेजारचे निवृत्त मोटरमन काका, बाकी मुलं. सुदैवाने उघडीप होती.

मेन लाइनच्या हॉलचा थांबा घ्यावा की नाही यावर मी महिनाभर अडले होते. २००८ च्या नोव्हेंबरात अतिरेकी हल्ल्यात इथे ५८ माणसं गेली. शेवटी मोटरमन काकांना विचारलं, ते म्हणाले, "थांबायचं बेटा. बोलायचं नाही जास्त. थांबायचं." तसंच केलं. एक मिनिट. मुलंपण शांत उभी राहिली.

काकांनी अजून एक भर घातली जी मला सुचली नसती. म्हणाले, ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवर चालणारी गाडी इथूनच कुर्ल्याला गेली, ते तू लिहिलंच नाहीस, आणि पोरांनो, शंभर वर्षं झाली त्याला. मग मुलांना इंडिकेटर, सिग्नल सगळं समजावत प्लॅटफॉर्मकडे घेऊन गेले, फेरी वीस मिनिटं लांबली आणि कुणाला घाई नव्हती. सातवा थांबा आता हा. दगडाची इमारत आणि मागे अठरा प्लॅटफॉर्म, गाड्या सुटतायत, त्याशिवाय हे स्टेशन दाखवलं असं म्हणताच येणार नाही.

राहिलेलं: तिसरा थांबा दहा पावलं डावीकडे सरकवायचा, आत्ताच्या जागेवरून सिंह दिसतो पण वाघ बसच्या मागे जातो. पाथरवट काकांचा आवाज नीट कापून बसवायचा. रिकाम्या कोनाड्यापाशी पाच सेकंद शांतता वाढवायची. लातूरच्या धाकट्याला कागदाची पहिली प्रत पोस्टाने पाठवायची, पत्ता वहिनीकडून घेतलाय.